मऊ पडलेली पाठ

आमच्या आयुष्याची पन्नाशी उलटून गेली आहे. या अवधींत महाविद्यालयाच्या व्याख्यानगृहांत उभें राहून ज्या ज्या विषयांवर आम्ही अधिकारवाणीनें बोललों, त्यांची मोजदाद करूं गेल्यास आमची आम्हांलाच लाज वाटेल. शेक्सपिअरच्या राजांचें अंतरंग, वर्डस्वर्थचा निसर्ग, मिल्टनचा सैतान, यांपैकीं कोणाशींही आमचा प्रत्यक्ष परिचय नसतां त्यांच्याविषयीं निःशंकपणें बोलण्याचा पगार आम्ही तीस वर्षें घेत आलों आहों. परंतु ज्या एका मुक्या प्राण्याची प्रकृति खरोखर आमच्या हवालीं होती, त्याच्याविषयीं आमचें ज्ञान शून्य होतें. आणि तें शून्य आमच्या नजरेस यावें म्हणून त्या बिचाऱ्याला स्वतःची पाठ मऊ करून दाखवावी लागली.

हा प्राणी म्हणजे पाण्यांतलें एक कासव. 2016 सालीं आमची कन्या दहावींत असतां वाढदिवसाचे पैसे सांठवून तिनें तें पुण्यांतल्या एका दुकानांतून आणलें. तेव्हां तें बिस्किटाहून मोठें नव्हतें. पाठ हिरवीगार, आणि दोन्ही डोळ्यांच्या मागें कुंकवाची बोटें ओढावींत तसे लाल पट्टे. त्या पट्ट्यांवरूनच इंग्रजींत त्याला ‘रेड-इअर्ड स्लायडर’ म्हणतात. मूळचें तें अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांतलें. दुकानदारानें त्याच्यासंगें एक कांचेचा वाडगा, मूठभर रंगीत खडे आणि माडाचें झाड लावलेलें प्लास्टिकचें एक बेट दिलें, व हें कासव एवढेंच राहतें, वाढत नाहीं, असें छातीवर हात ठेवून सांगितलें. वाडगा घराच्या उत्तर दिशेला ठेवल्यास लक्ष्मी नांदते, हें वर फुकट. कन्येनें त्याचें नांव ‘कूर्मदास’ ठेवलें. पुढें पशुवैद्यांनीं पाहून तें मादी असल्याचें सांगितलें, तेव्हां ‘कूर्मदासी’ असा पाठभेद आम्हीं सुचविला. त्यावर ‘या घरांत दासी कोण, तें वाडग्याचं पाणी बदलणारीला विचारा,’ असें आमच्या गृहिणीनें उत्तर दिलें व नांव होतें तेंच राहिलें.

हें कासव एवढेंच राहतें, हें विधान केवळ खोटें नव्हे, तर घातकी आहे. या जातीची मादी पूर्ण वाढली म्हणजे तिची पाठ दहा-अकरा इंच लांब होते, आणि नीट सांभाळ झाला तर ती वीस-तीस वर्षें सहज जगते. जें एवढेंच राहतें तें वाढ खुंटल्यामुळें राहतें, आणि बहुधा फार दिवस राहत नाहीं. आमच्या कूर्मदासानें दोन वर्षांत चार इंचांचा पल्ला गांठला. वाडगा जाऊन टब आला, टब जाऊन कांचेची टाकी आली. कन्या रोज संध्याकाळीं, आणि सुट्टीच्या दिवशीं सकाळींही, त्याला एका पाटींत घालून गच्चीवर नेई व तासाभरानें परत आणी. आम्ही त्या गच्चीवारीची थट्टा करीत असूं.

2018 सालच्या जुलैंत ती पुढील शिक्षणासाठीं बंगळूरला गेली. जातांना तिनें एकच सांगणें सांगितलें: “बाबा, याच्याकडे बघाल ना?” आम्हीं होकार दिला, आणि आमच्या समजुतीप्रमाणें तो पाळलाही. टाकी आम्हीं स्वतः उचलून आमच्या अभ्यासिकेंत आणली. त्या खोलीला पूर्वेकडे भली रुंद खिडकी आहे. धूळ आणि रहदारीचा गोंगाट नको म्हणून तिची कांच बारा महिने लावलेली असते. पण सकाळचें कोंवळें ऊन त्या कांचेंतून थेट टाकीवर पडे. आतां गच्चीवर जाण्याचा खटाटोप नको, सूर्यनारायणच घरीं येतो, असें आम्हीं मोठ्या समाधानानें गृहिणीला सांगितलें. खाण्याचीही आबाळ नव्हती. सुका जवळा, कधीं चिकनचा तुकडा, कधीं पालकाचीं पानें, आणि आमच्या ताटांतली पोळीची चिमूट. कूर्मदास पाण्यांतून मान वर काढून आमच्याकडे पाही, आणि आम्ही उत्तरपत्रिका तपासतां तपासतां त्याच्याकडे पाहूं. कासवी नुसत्या दृष्टीनें पिलांना पोसते, अशी एक जुनी कल्पना आपल्या संतवाङ्मयांत आहे. आम्ही कासवाला तसेंच पोसत होतों म्हणावयाचें.

पुढल्या वर्षींच्या जून महिन्यांत टाकी धुण्यासाठीं आम्हीं त्याला उचललें असतां आमचा अंगठा पाठीच्या कडेंत किंचित् रुतला. भिजलेल्या पुठ्ठ्यावर बोट दाबावें तसें वाटलें. अगदीं लहान पिलाचें कवच थोडें लवचीक असतें, त्यांत वावगें कांहीं नाहीं. पण तीन वर्षांच्या कासवाची पाठ दाबली जाते ही गोष्ट, आम्हांला त्या वेळीं कळो न कळो, धोक्याची आहे. निरखून पाहिलें तेव्हां पाठीची कड मागल्या बाजूस पन्हळीसारखी वर वळलेली दिसली. उलटें करून पाहिलें तों पोटावरच्या कवचावर पांढुरका, खडबडीत असा एक डाग, आणि त्याला एक प्रकारची कुबट घाण. शेजारच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं कवच कोरडें पडलें आहे असें निदान करून खोबरेल तेल व हळद चोळावयास सांगितलें. आम्हीं चार दिवस चोळलें. त्या चार दिवसांचें आम्हांला अजून वाईट वाटतें.

पशुवैद्य बाई आमच्या विद्यार्थिनी शोभतील इतक्या तरुण होत्या. त्यांनीं कासवाला तपासण्याआधीं आम्हांलाच तपासलें.

“ऊन मिळतं का याला?”

“भरपूर. पूर्वेची खिडकी आहे.”

“खिडकीची काच उघडी असते का, सर?”

आम्हीं नाहीं म्हणून सांगितलें. बाईंनीं पेन खालीं ठेवलें, आणि मग जें सांगितलें तें आम्हांला शाळेंत कोणीं शिकविलें असतें तर बरें झालें असतें. उन्हांत आपल्याला दिसणारा जो उजेड असतो त्याच्याशीं कवचाच्या बळकटीचा संबंध नाहीं. संबंध आहे तो न दिसणाऱ्या अतिनील किरणांतील यूव्हीबी नांवाच्या पट्ट्याशीं. हे किरण कातडीवर पडले म्हणजे शरीरांत ड-3 हें जीवनसत्त्व तयार होतें; ड-3 असेल तर पोटांतील अन्नांतला चुना, म्हणजे कॅल्शियम, रक्तांत उतरतो; आणि चुना उतरला नाहीं तर शरीर तो जिथें सांठविलेला आहे तेथून, म्हणजे हाडांतून, उपसूं लागतें. साधी खिडकीची कांच उजेड आंत सोडते, ऊब आंत सोडते, पण यूव्हीबी जवळजवळ सगळे बाहेरच अडवून धरते. म्हणजे अकरा महिने कूर्मदास रोज सकाळीं सोन्यासारख्या उजेडांत बसून उपाशी होता. ज्या गच्चीवारीची आम्ही थट्टा करीत होतों, तिच्यावर त्याचीं पहिलीं दोन वर्षें निभावलीं होतीं.

क्ष-किरणांचें चित्र आलें तेव्हां बाईंनीं तें उजेडावर धरून आम्हांला दाखविलें. हाडांच्या जागीं नुसती धूसर सावली होती. ‘कासवाची पाठ’ हा आपल्या भाषेंत घट्टपणाचा दाखला आहे. परंतु ही पाठ म्हणजे अंगावर घातलेलें चिलखत नव्हे, हें त्या चित्रावरून आम्हांला प्रथम समजलें. पाठीच्या कवचांत कण्याचे मणके व बरगड्याच रुंद होऊन एकमेकींस सांधल्या गेल्या आहेत. इतकें, कीं इतर प्राण्यांत बरगड्यांच्या बाहेर असणारें खांद्याचें हाड कासवांत बरगड्यांच्या पिंजऱ्याच्या आंत येतें. या हाडांवर शिंगासारख्या द्रव्याचे खवले बसविलेले असतात: मधोमध पांच, त्यांच्या दोहों बाजूंस चार चार, आणि कडेनें लहान लहान खवल्यांची माळ. व्यंगचित्रांतलें कासव कवच काढून खुंटीस टांगतें. खरें कासव त्यांतून निघूं शकत नाहीं, कारण तें स्वतःच तें आहे. त्यांत मज्जातंतू असतात, रक्त खेळत असतें. पाठीवर बोट टेकलें तर त्याला तें कळतें. देवळाच्या सभामंडपांतील दगडी कासवावर पाय न पडेल अशा बेतानें आपण गाभाऱ्याकडे जातों, जेजुरीच्या गडावरील पितळी पत्र्यानें मढविलेलें भलें थोरलें कासव पाहून हात जोडतों. पण जिवंत कासवाच्या पाठीला स्पर्श कळतो हें आम्हांला बावन्नाव्या वर्षीं कळावें! गीतेंत स्थितप्रज्ञाला कूर्माची उपमा दिली आहे, कारण तो सर्व इंद्रियें आंवरून घेतो. आमच्या कूर्मदासानें तेल-हळदीच्या वेळीं हातपाय आंवरून घेतले होते, तें स्थितप्रज्ञतेमुळें खचित नव्हे.

खाण्याचीही झडती झाली. मांसांत फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम थोडें. कासवाला हवें तें उलट, म्हणजे फॉस्फरसच्या सुमारें दुप्पट कॅल्शियम. पालकांत ऑक्झॅलेट असतें, तें असलेला चुनाही बांधून ठेवतें. पोळीविषयीं बाईंनीं नुसतें आमच्याकडे पाहिलें. पाणकासवांसाठीं म्हणून तयार मिळणारे दाणे नेमक्या प्रमाणांत, जास्वंदीचीं किंवा तुतीचीं पानें, अधूनमधून मासळीचा लहानसा तुकडा, आणि टाकींत सदैव तरंगत राहील असा ‘कटलबोन’ चा खंड, असें पथ्य ठरलें. हा कटलबोन पक्ष्यांच्या दुकानांत मिळेल असें त्यांनीं सांगितलें. आम्हीं तो पाहिला आणि ओळखला. लहानपणीं कान दुखूं लागला म्हणजे आजी जें समुद्रफेन उगाळी, तेंच हें! माकूल या समुद्रांतल्या प्राण्याच्या पाठींतलें तें हाड. एका प्राण्याच्या पाठीनें दुसऱ्याच्या पाठीला आधार द्यावयाचा. त्याची कडक बाजू खरवडून काढावी लागते, एवढें आम्ही अनुभवानें सांगतों. कॅल्शियमचें व जीवनसत्त्वांचें औषध मात्र वैद्याच्या मापानेंच द्यावें; ड-3 जास्त झालें तर तेंही विषासारखें बाधतें.

पोटावरचा डाग हें निराळें प्रकरण होतें. तें कवच कुजण्याचें दुखणें. कासव पाण्यांत राहतें, म्हणून त्याला कोरडें होण्याची गरज नाहीं, असा नवशिक्यांचा समज असतो, आमचाही होता. वस्तुतः दिवसांतून कांहीं तास पाण्याबाहेर येऊन त्याचें अंग, पोटाच्या कवचासकट, खडखडीत वाळावें लागतें. आमचें तें माडाचें बेट चार इंचांच्या कासवाच्या भारानें केव्हांच पाण्याखालीं गेलें होतें, आणि त्याच्या तळच्या खरबरीत प्लास्टिकनें पोटावर ओरखडा उठला होता. त्या ओरखड्यांत मळक्या पाण्यांतले जंतू शिरले. तेलानें त्यांच्यावर झांकण घातलें, म्हणजे त्यांची सोयच केली. हा रोग खवल्यांखालीं शिरून हाडापर्यंत जातो, आणि तेथून रक्तांत पसरला तर पोटाच्या कवचावर लालसर झांक उमटते, कासव खाणें सोडतें, सुस्त होतें. मग घरगुती उपायांची वेळ निघून गेलेली असते. आमच्या नशिबानें प्रकरण तेथवर गेलें नव्हतें. बाईंनीं कुजलेला भाग खरवडून काढला. पुढें सात आठवडे आम्ही रोज तो डाग मऊ ब्रशानें धूत होतों, त्यावर फिक्या चहाच्या रंगाइतकें पातळ केलेलें पोव्हिडोन आयोडीन लावीत होतों, आणि कूर्मदासाला उबदार, कोरड्या पेटींत ठेवून खाण्यापिण्यापुरतें दिवसांतून दोन वेळां पाण्यांत सोडीत होतों. कासवाचें भरून येणेंही कासवाच्याच चालीनें होतें.

येथें एक गोष्ट नमूद करणें अवश्य आहे. एकदां पोळल्यावर आम्ही इतके धास्तावलों कीं निरोगी लक्षणांनींही आमची झोंप उडूं लागली. डिसेंबरांत एके सकाळीं टाकींत अभ्रकाच्या पापुद्र्यासारखा पारदर्शक तुकडा तरंगतांना दिसला. पाठ झडूं लागली असें समजून आम्ही तडक दवाखाना गांठला. बाई हंसल्या. या जातीचीं कासवें वाढतांना जुन्या खवल्यांचा पातळ पापुद्रा टाकतात; खालीं कवच घट्ट, स्वच्छ व गंधहीन असेल तर तें सुलक्षण समजावें. पापुद्रा नखानें ओढून काढूं नये, एवढेंच. पाठीवर साठणारें हिरवें शेवाळही बहुधा निरुपद्रवी. मऊ ब्रशानें निघतें. पांढरे डाग दिसले तर ओलें करून पाहावें: ओलें होतांच दिसेनासे झाले तर तो बहुधा जड पाण्याचा क्षार, ओलेपणींही राहिले, जागा मऊ लागली, खड्डा पडला किंवा घाण आली, तर तो रोग. ही कसोटी फार सोपी आहे, आणि आमच्याजवळ वर्षभर आधीं असती तर आम्हीं हा लेख लिहिला नसता.

आतां कूर्मदासाची टाकी गच्चीजवळच्या पडवींत आहे. कासवाच्या पाठीच्या दर इंचामागें सुमारें चाळीस लिटर पाणी, या हिशेबानें ती घेतांना आम्हांला घाम फुटला होता. पाणी गाळण्याचें यंत्र टाकीच्या मानानें दुप्पट ताकदीचें. कारण कासव खातें, विटाळतें, आणि त्यांतच पुन्हां खातें. पाण्याची ऊब पंचवीस अंशांच्या आसपास, आणि बसण्याच्या फळीवर बत्तीसच्या वर. पुण्याच्या थंडींत हीटरवांचून हें साधत नाहीं. फळीवर यूव्हीबीचा दिवा, मधें कांच किंवा प्लास्टिक कांहीं नाहीं. या दिव्याचा एक लबाडपणा ध्यानांत ठेवावा: त्याचा उजेड वर्षानुवर्षें टिकतो, परंतु यूव्हीबी मात्र सहा महिने ते वर्ष एवढ्या काळांत ओसरतें. तो पेटलेला दिसतो आणि देत कांहींच नाहीं. अशीं उदाहरणें आमच्या व्यवसायांतही आढळतात. पण तो विषय निराळा. गच्चीवर नेतांना अर्धी पाटी सावलींत ठेवावी लागते, नाहींतर तेंच ऊन त्याला भाजून काढील. आणि कासवाला हात लावल्यावर हात साबणानें धुवावे, टाकीचें सामान स्वयंपाकघराच्या मोरींत कदापि धुऊं नये. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नांवाचे जंतू असूं शकतात. लहान मुलें हीं पिलें तोंडांत घालतात म्हणूनच अमेरिकेंत 1975 सालीं चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली.

दुखणें चालू असतां एका स्नेह्यांनीं आम्हांला सल्ला दिला होता: “कशाला एवढा उपद्व्याप? तळ्यांत सोडून द्या, पुण्य लागेल.” हा सल्ला देणारे पुष्कळ आहेत, आणि तो मानणारे त्याहून पुष्कळ. हें कासव आपल्या पाण्यांतलें नव्हे. जेथें जेथें लोकांनीं कंटाळून तें सोडलें, तेथें तेथें त्यानें तिथल्या कासवांच्या अन्नांत आणि ऊन खाण्याच्या जागांत वांटा मागितला आहे. युरोपांत 1997 सालींच त्याच्या आयातीला बंदी झाली. आपल्या विहिरींत व तळ्यांत आढळणारीं देशी कासवें पाळावीं म्हणाल, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो गुन्हा आहे, आणि तो असावा हेंच योग्य. म्हणजे परदेशी कासव सोडतां येत नाहीं, देशी ठेवतां येत नाहीं, आणि ज्यानें एकदां बिस्किटाएवढें पिलूं आणलें त्यानें वीस-तीस वर्षांचा करार केला. आम्ही हिशेब करून पाहिला आहे. कूर्मदास नीट जगला, तर त्याचा शेवटचा दिवा बदलण्यास आम्ही असूं कीं नाहीं याची खात्री नाहीं. आणूंच नका, असें आम्ही आतां विचारणाऱ्यांस सांगतों. आणि तरीही जे आणतात त्यांना कांचेची गोष्ट सांगतों.

कन्येपासून हें सारें आम्हीं चार महिने लपवून ठेवलें. दूरध्वनीवर ती दर रविवारीं विचारी, “कूर्मदास कसा आहे?” आणि आम्ही “मजेंत आहे” म्हणून सांगूं. दिवाळीला ती घरीं आली, तेव्हां चहाही न घेतां प्रथम टाकीकडे गेली. तिनें त्याला उचललें, आणि कोणीं न सांगतां तिचा अंगठा नेमका पाठीच्या कडेवर गेला. कड तोंवर घट्ट झाली होती. पण जी वर वळली ती वळलीच, आणि पाठीवर जें उंचवट्याचें कुबड आलें तें अजूनही आहे. मोडलेला आकार पूर्ववत् होत नाहीं, असें बाईंनीं आम्हांला आधींच बजावलें होतें. तिनें तें कुबड पाहिलें, पोटावरचा फिकट वण पाहिला, आणि आमच्याकडे पाहिलें. मग आम्हीं सर्व सांगितलें. खिडकी, कांच, तेल, हळद, कांहीं गाळलें नाहीं.

ती बराच वेळ गप्प होती. आम्हांला वाटलें, आतां ती रागावेल, आणि रागावली तर बरें होईल.

“बाबा,” ती म्हणाली, “मी त्याला उन्हासाठी नव्हतेच नेत गच्चीवर. मला मैत्रिणीशी फोनवर बोलायचं असायचं. खाली तुम्ही असायचात.”

तिनें कूर्मदासाला अलगद फळीवर ठेवलें, दिव्याकडे मान वर करून पाहिलें आणि हा केव्हां बसविला म्हणून विचारलें. आम्हीं भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट दाखविलें. जूनच्या पानावर, आमच्या परीक्षांच्या तारखांच्या शेजारीं, तांबड्या शाईनें तो दिवस लिहिलेला होता. तिनें पानें उलटून डिसेंबर काढला आणि आमच्याच लेखणीनें त्याच तारखेवर एक फुली मारली.